नदीचे मूळ आणि कुणब्याचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे शहाणे लोक सांगत आले आहेत. आम्ही गोदाकाठचे राहणारे. आमच्या नदीचे मूळ त्र्यंबकास ब्रह्मगिरीवर आहे, ते पाहण्यास दरसाल हजारो माणसे डोंगर चढतात, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडल्याचे आम्ही अजून ऐकले नाही. तेव्हा म्हणीचा अर्धा भाग तर आपण रोजच मोडतो. राहिला दुसरा अर्धा. ऋषीचे कूळ विचारू नये. पण कुणब्याचे, कुंभाराचे, तेल्याचे, महाराचे कूळ मात्र ज्याने त्याने विचारावे, हा कोठला न्याय? पाणवठ्यावर विचारले, देवळाच्या पायरीवर विचारले, शाळेच्या दारात विचारले. ज्यांनी स्वतःच्या मनगटाने राज्य उभे केले त्या शिवछत्रपतींसही १६७४ साली सिंहासनावर बसण्यापूर्वी कुळाचा दाखला पुसला गेला. १८९९ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या स्नानाला वेदोक्त मंत्र की पुराणोक्त, हा वाद निघाला तोही कुळावरूनच. राजांची ही कथा, मग नांगर धरणाऱ्याची काय?

ह्या साऱ्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रश्न विचारणारा नेहमी दुसरा होता, आणि उत्तर लिहून ठेवणाराही दुसराच होता. आपण आपल्या पूर्वजांविषयी स्वतः होऊन कधी विचारले नाही व स्वतःच्या हाताने कधी लिहिले नाही. ते आता करावे, एवढे सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे.

त्यास कारणही तसेच घडले. गेल्या पावसाळ्यात सिन्नरच्या वाटेवरील एका खेड्यातले एक वृद्ध शेतकरी आमच्या कचेरीत आले. नातवाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. कचेरीच्या आवारात एक मध्यस्थ भेटला. त्याने पैसे घेतले आणि आठ दिवसांत सुरेख अक्षरात काढलेली वंशावळ व तिच्याबरोबर एका जुन्या नोंदीची नक्कल आणून दिली. पडताळणीत असे निघाले की, ती नोंद आडनाव तेच असलेल्या दुसऱ्याच घराची. मुलाचे वर्ष गेले. म्हातारबाबा आमच्यासमोर बसून म्हणाले, “कागद खोटा निघाला, पण माझा आजा तर खोटा नव्हता ना?” ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्याबरोबर कागद पाहावयास गेलो. तेथे काय मिळाले ते पुढे सांगू. आधी कागद कोठे असतात ते सांगतो. कारण ते ठाऊक नसल्यामुळेच मध्यस्थाची चूल पेटते.

वाचकहो, सरकारने आपल्या आज्या-पणज्याचे नाव प्रेमाने लिहून ठेवलेले नाही. सारा वसूल करावयाचा होता म्हणून लिहिले. म्हणून पूर्वज शोधण्याचा एकच नियम आम्ही सांगतो: जेथे जेथे आपल्या माणसाकडून काही घेतले गेले, तेथे तेथे त्याचे नाव सापडेल. बखरीत शोधू नका. बखर राजांची असते. आपली बखर म्हणजे वसुलीची वही.

पेशवाई १८१८ साली संपली. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. ज्याचे शेत त्यास ते वाचता येत नसे. शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. आपल्या मुंबई इलाख्यात त्यासाठी १९५० चा कायदा यावा लागला. इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांची मोजणी सुरू झाली आणि पुढे गावोगाव शेतास नंबर व नंबरास खातेदार मिळाला. हे मोजणीचे कागद, म्हणजे शेतवारपत्रक, पक्काबुक, क्लासर रजिस्टर, भूमी अभिलेख खात्याकडे असतात. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली. तेव्हापासून जमीन बापाकडून लेकाकडे गेली की फेरफार पडू लागला. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंद नमुना ६-क मध्ये. सातबारा सर्वांस ठाऊक आहे. पण सातबारा आज कोण आहे ते सांगतो, फेरफार तो कोणापासून आला ते सांगतो. कूळ शोधणाऱ्याने सातबाऱ्यावरील फेरफाराचे आकडे धरून एकेक पायरी मागे जावे. महाराष्ट्र सरकारने नाशिकसह काही जिल्ह्यांतील जुन्या सातबाऱ्यांची व फेरफारांची छायाचित्रे संगणकावर ठेवली आहेत. लिहिता-वाचता पोरगा घरी असेल तर पहिली पायरी ओट्यावर बसूनही चढता येईल.

एक गोष्ट विसरू नये. नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला तो १८६९ साली. त्यापूर्वी आपले काही तालुके नगरकडे व काही खानदेशाकडे होते. तसेच नाशिकरोड-देवळाली व आसपासची खेडी १९८२ साली नाशिक महानगरपालिकेत आली. तेव्हा कागद येथे नाही, असे कारकुनाने सांगितले तर तो कागद नाहीच असे समजू नये. तो दुसऱ्या कचेरीत गेला असेल.

ज्याची जमीन रेल्वेला, तुरुंगाला, छापखान्याला किंवा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला गेली, त्याने भूसंपादनाचा निवाडा मागावा. मोबदल्याच्या यादीत नाव असते. ज्याचा पूर्वज कूळ होता त्याने १९४८ च्या कूळकायद्याचे कागद पाहावे. १ एप्रिल १९५७ रोजी कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा कोण कसत होता ह्याची चौकशी लेखी झाली आहे. ज्याने कर्ज काढले त्याचे गहाणखत किंवा खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आहे. १८७५ साली पुणे व नगर भागातील कुणब्यांनी सावकारांच्या वाड्यांवर जाऊन खते जाळली, ती खते आपल्याच बापजाद्यांच्या अंगठ्यांची होती. खत जळाल्याचे आम्हांस दुःख नाही; पण नाव जाळावयाची पाळी यावी, इतके ते नाव महाग पडले होते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता ज्यांस जमीनच नव्हती त्यांचे काय? आमचा निम्मा वाचकवर्ग कारागिरांचा आहे. सुताराचा, लोहाराचा, परटाचा, न्हाव्याचा सातबारा कोठून येणार? त्यांनी चार ठिकाणे पाहावी. पहिले, गाव नमुना १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात गावातील जन्म व मृत्यू लिहिले जात. मरणावर सारा नव्हता, तरी सरकारास रोगराईचा हिशेब हवा होता; त्यामुळे तेथे गरीब-श्रीमंत एका ओळीत आले आहेत. दुसरे, शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. घरातील जो पहिला मुलगा शाळेत गेला, तो चुलत आजा का असेना, त्याच्या नावापुढे बापाचे नाव, जात व जन्मतारीख मिळते. बहुजनांच्या मुलांसाठी १९१४ साली येथे मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला. अशा संस्थांनी नुसती पोरे शिकवली असे नव्हे, त्यांची नावेही कागदावर आणली. तिसरे, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी. खोपटाचीही पट्टी असते. चौथे, वतनाचे कागद. गावकामगारांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली व जमिनी रकमा भरून पुन्हा त्यांच्याच नावे केल्या गेल्या. त्या प्रकरणांत महार व इतर वतनदार घराण्यांच्या शाखा तपशीलवार लिहिलेल्या असतात.

आणखी एक जागा आहे, ती सांगताना कोणी लाजू नये. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने जी कागदांची यादी केली तीत तुरुंगाच्या कच्च्या कैद्यांची नोंदवही व पोलिसांचे अटक पंचनामेही आहेत. आमच्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. शाळेच्या पटावर ज्याचे नाव नाही, त्याचे तुरुंगाच्या पटावर असावे, ह्यात लाज असलीच तर ती त्याची नव्हे. शिवाय १९३० च्या कायदेभंगात किती तरी शेतकऱ्यांची पोरे देशासाठी आत गेली. ती नोंद तर घरात चौकट करून लावावी.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्र्यंबकास व पंचवटीत त्यांच्याकडे गाववार वह्या आहेत. यात्रेस आलेल्या माणसाचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुले त्यांत लिहिलेली असतात. हा ठेवा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, हे खरे आहे व ते कबूल करण्यास आम्ही कचरत नाही. पण जो यात्रेस आलाच नाही, ज्याच्याजवळ दक्षिणा नव्हती, तो त्या वहीत नाही. आणि ज्यांस काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, त्यांनी कोणत्या वहीत आपले पान शोधावे? म्हणून वही जरूर पाहावी. २०२६-२७ च्या सिंहस्थात पाहुणे येतील, त्यांनाही दाखवावी. आपल्या पानाची नक्कल मात्र उतरून घ्यावी. आपल्या घराची आठवण दुसऱ्याच्या ट्रंकेत ठेवून निर्धास्त झोपणे बरे नव्हे.

कागद मिळाला की दुसरी अडचण येते ती वाचण्याची. जुने कागद मोडीत आहेत. मोडी काही कोणाची गुप्त विद्या नव्हे. आपल्या आजोबांच्या काळी शाळेत शिकवीत. मेहनती तरुण दोन-तीन महिन्यांत ती वाचू लागतो. पुराभिलेख खात्याने तिचे वर्गही चालविले आहेत. मग काही खुणा कळाव्या लागतात. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मयत’ म्हणजे वारलेला, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. शकात ७८ मिळवले व आपल्याकडील फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी साल जवळपास निघते. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. नाव, बापाचे नाव व पुढे जात किंवा धंदा एवढेच असते. म्हणून नुसत्या आडनावाच्या मागे धावणारा फसतो. गाव, शेताचा नंबर, बापाचे नाव व साल ही चारही जुळली तर माणूस आपला. साखळीची एक कडी जरी अंदाजाने बसविली, तरी सारी साखळी अंदाजाची होते.

हे सर्व सांगण्याची घाई आहे, कारण कागदावर पोराचे शिक्षण टांगलेले आहे. दाखल्यासाठी सरकारने तारखा ठरविल्या आहेत: अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गांस १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीचा पुरावा बापाच्या बाजूने दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली व गावोगावची दप्तरे उघडली. जानेवारी २०२४ पर्यंत ५४ लाखांवर कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. कोणास काय मिळावे ह्या वादात आम्ही आज शिरत नाही. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. हे कागद शंभर-शंभर वर्षे त्याच कपाटांत होते. ते पाहण्याची बुद्धी आम्हांस दाखल्याची गरज पडल्यावर झाली, तोवर वाळवी आमच्या आधी वाचून गेली होती.

आणि ज्यांस नोंद सापडते त्यांसही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जुन्या वहीत नव्या शाईने अक्षर घुसडणे हा गुन्हा तर आहेच. पण त्याहून ती आपल्या पूर्वजांशी केलेली बेइमानी आहे. तसेच पैसे देऊन राजघराण्यापर्यंत नेऊन भिडविलेल्या वंशावळी कोणी घरात लावू नयेत. आपला खापरपणजा कोणा राजाचा चुलतभाऊ नव्हता. त्याने दुष्काळात बी राखले, विहीर खणली, चाक फिरविले आणि घर बुडू दिले नाही. ह्याहून मोठे कूळ कोणते?

आता त्या म्हातारबाबांच्या कागदाकडे वळू. तहसिलीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची पाने चाळता चाळता १९१८ सालचा ऑक्टोबर महिना आला. तो इन्फ्लुएन्झाच्या साथीचा महिना. एरवी महिन्यास दोन-तीन मरणे लिहिणाऱ्या त्या वहीत पानामागून पान भरले होते, आणि कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. त्यांत एका ओळीत त्यांच्या आज्याचे नाव होते. तो मेला म्हणून नव्हे. त्याची बायको मेली म्हणून. पुढे ‘कोम’ लिहून आज्याचे नाव, जातीच्या रकान्यात ‘कुणबी’, वय २२. म्हातारबाबांचा बाप तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला आई आठवत नव्हती, म्हणून त्याने पोरांना तिचे नाव सांगितले नव्हते. पुढे आज्याने दुसरा पाट लावला व पहिलीचे नाव घरातून पुसले गेले. शंभर वर्षांवर ते त्या वहीत एकटे पडून होते. कारकुनाने ते मोठ्याने वाचले. म्हातारबाबांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि ते नाव पुन्हा वाचावयास सांगितले. नातवाचा अर्ज आता रीतसर गेला आहे. त्याचा निकाल लागेल तो लागो. पण त्या घरी गेल्या पितृपक्षात एक पान जास्त वाढले गेले, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

ह्या गोष्टीने आमचीच मान खाली गेली. आपण कूळ कूळ म्हणतो ते बापाचे. वंशावळीत आई नसते, बहीण नसते, लेक नसते. सासरी नाव बदलले की माहेरच्या कागदातून ती गेली, आणि सासरच्या कागदात ती ‘अमक्याची कोम’ म्हणून आली. सरकारी दाखल्यास बापाची बाजू लागते म्हणून घरच्या वहीतही बापाचीच बाजू लिहावी, असे कोणी सांगितले? स्त्रियांची नावे कागदात थोडी आहेत. ती आज घरातील म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. आत्याला विचारा, मावशीला विचारा, जात्यावर ओव्या म्हणणारी कोणी उरली असेल तर तिच्याजवळ बसा.

दूर देशीही हेच चालले आहे. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न व दफन ह्यांची वही ठेवण्याचा हुकूम झाला. त्यामुळे तेथील मजुराचा नातू आपले दहा-बारा पिढ्यांचे नाव काढू शकतो. आपल्याच लोकांचे उदाहरण पाहा. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गिरमिटे मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून आपले मराठी लोकही गेले. त्यांचे नाव, बाप, गाव व नंबर मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिले गेले. त्या वह्या आज तेथील मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि त्यांचे पणतू तो नंबर घेऊन आपले गाव शोधतात. मळेवाल्याने ज्यास नंबर दिला, त्यास त्याच्या पणतूने पुन्हा माणूस केले. समुद्रापलीकडचे हे करतात; आपल्याला तर तहसिलीपर्यंतच जावयाचे आहे.

नाशिकरोडच्या छापखान्यांत हिंदुस्थानच्या नोटा १९२८ पासून छापल्या जातात. देशाचे पासपोर्टही येथलेच. साऱ्या देशास ओळख देणारा कागद आमच्या गावात तयार होतो, आणि आमच्या घरात पणजोबांच्या नावाची एक चिठ्ठी नसते! म्हणून आमची प्रत्येक घरास विनंती आहे की, येत्या महिन्यात एक जाड पाठाची वही आणावी. पहिल्या पानावर घरातील सर्वांत वृद्ध माणूस जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहावे. नाव, गाव, शेत, धंदा, कोण कोठून आले, कोणत्या दुष्काळात कोण गेले. आईकडची बाजू तितकीच पाने भरून लिहावी. मग नकलेचा अर्ज स्वतः करावा, पावती घ्यावी, कागद नाकारला तर २००५ च्या माहितीच्या कायद्याने मागावा. मध्यस्थास एक पैसाही देऊ नये. प्रत्येक गावी दोन तरुणांनी मोडी शिकावी व शेजाऱ्याचा कागद फुकट वाचून द्यावा. आणि सरकारास आमचे मागणे एवढेच की, कोतवाल बुके व शाळांची रजिस्टरे वाळवीच्या हवाली न ठेवता त्यांची छायाचित्रे करून ती त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत सर्वांस पाहावयास ठेवावी, आणि दर तालुक्यास एक पगारी मोडी-वाचक नेमावा. ज्यांच्या साऱ्यावर ही दप्तरे भरली, त्यांना ती वाचून दाखविणे हा उपकार नव्हे.

कूळ विचारणारे पुढेही विचारतील. त्यांना उत्तर द्यावे म्हणून नव्हे, तर आपल्या लेकराने मांडीवर बसून आजीचे नाव काय असे विचारले, तर गप्प बसावे लागू नये म्हणून ही वही लिहावी. दिवाळीपूर्वी पहिले पान भरले, असे ज्या घरांतून कळेल, त्या घरांचा हिशेब आम्ही आनंदाने ठेवू. वसुलीच्या वह्या पुष्कळ झाल्या. ही एक वही आपली असू द्या.